माईस, चौथ्या प्रकरणाबद्दल

इनामगाव, ता. शिरूर, जि. पुणे

चि. माईस,


तुझे पत्र पोचले. प्रबंधाची तीन प्रकरणे सरांनी वाचून मान्य केली, आणि चौथे लिहून तयार असूनही तू ते कितीतरी महिने कपाटात ठेवले आहेस. त्या प्रकरणात आमच्या गावची बिनडोक्याची देवी आहे आणि तिच्याविषयी तुझे म्हणणे सरांच्या आयुष्यभराच्या मांडणीच्या उलट जाते. ज्यांनी विषय दिला, वाचायला शिकवले, शिष्यवृत्ती थांबली तेव्हा पाठीशी उभे राहिले, त्यांच्याच सिद्धांताला हात कसा लावू, असे तू विचारतेस. शेवटी लिहितेस की ते प्रकरण गाळूनच टाकावे म्हणते.

ते शेवटचे वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. म्हणून हे उत्तर तुझ्या परवानगीने छापायला देतो आहे. तुझ्यासारखी कोंडी झालेली मुले पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरात बरीच असतील, आणि त्यांच्या कपाटातही अशी प्रकरणे पडून असतील.

माई, ते प्रकरण गाळू नकोस. असे का म्हणतो ते सांगायला मला आमच्या पांढरीपासूनच सुरुवात करावी लागेल.

घोड नदीच्या काठावरचे हे पांढरीचे टेकाड डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात खणले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी ही त्यातली तीन मोठी नावे. ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव त्यांनी उजेडात आणले. इ.स.पू. १६०० च्या सुमाराला ते वसले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमाराला उजाड झाले. नऊशे वर्षे नांदलेल्या या गावाची शंभराहून अधिक घरे मिळाली, धान्य साठवायच्या कणग्या मिळाल्या, पाणी वळवायचा कालवा आणि त्यालगतचा बांध मिळाला. आणि माणसे मिळाली. लहान मूल गेले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ते ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून उताणे निजवायचे, आणि घोट्याखालचे पाय तोडून टाकायचे. गेलेल्याने उठून चालू लागू नये, घराजवळच राहावे, असा त्यामागचा भाव असावा असे अभ्यासक मानतात. पण गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे एक घर होते, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार, आणि त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय मात्र शाबूत. हा गावाचा प्रमुख असला पाहिजे, असे ढवळीकरांनी मांडले आणि त्यावरून हे गाव ज्या जोर्वे संस्कृतीचे, तिच्या समाजरचनेचे सगळे चित्र उभे केले.

हे तुला माझ्यापेक्षा नेमके ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण आपण या पांढरीविषयी नेहमी सापडलेल्या वस्तूंच्या अंगाने बोलतो. ती खणणाऱ्यांचा आपसातला व्यवहार कसा होता, हे कोणी बोलत नाही.

सांकळियांपासून सुरू करू. ते मुंबईत जन्मलेले गुजराती गृहस्थ, जन्म १९०८ चा. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास हे त्यांचे गुरू. हेरास स्पेनमधून १९२२ साली मुंबईत आलेले जेझुइट पाद्री. मूर्ती, नाणी, शिलालेख हे इतिहासाचे खरे साधन आहे ही दृष्टी त्यांनी मुंबईच्या एका पिढीला दिली. सांकळियांनी त्यांच्या हाताखाली एम.ए.साठी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि तो १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आला. म्हणजे आपल्या या प्रागितिहासकाराचा आरंभ बौद्धधर्माच्या इतिहासापासून झाला. पुढे हेरास सिंधू लिपीच्या मागे लागले. ती लिपी आदिद्राविड भाषेची आहे, आपण ती वाचली आहे, मोहेंजोदडोच्या लोकांचा धर्मही त्यावरून सांगता येतो, आणि हीच संस्कृती भारतातून पश्चिमेकडे भूमध्य समुद्रापर्यंत पसरली, असे त्यांचे म्हणणे. १९५३ मध्ये त्यावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

शिष्य गेला अगदी दुसऱ्या दिशेला. सांकळिया लंडनला गेले, मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम केले, आणि तिथून थरांची शिस्त घेऊन आले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावर गुजरात, जोर्वे, नेवासे, महेश्वर-नावडातोली असे खणत राहिले. नावडातोलीला तोटीची भांडी मिळाली तेव्हा त्यांना इराणातली भांडी आठवली. पश्चिम आशियातून माणसे आणि कल्पना इकडे आल्या असाव्यात, ही माणसे आर्यांची एखादी टोळीही असू शकेल, असे त्यांनी मांडले. गुरूने बाण इथून तिकडे काढला होता, शिष्याने तिकडून इथे काढला. तरी १९७८ साली लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र वाच. स्वतःची घडण सांगताना हेरासांना ते विसरलेले नाहीत.

हाच पेच पुढच्या पिढीत पुन्हा आला, आणि या वेळी तो आमच्या गावात आला.

सांकळियांनी १९६० मध्ये ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात नग्न देवतेवर एक लेख लिहिला. पश्चिम आशिया, भारत आणि आग्नेय आशिया या तिन्ही ठिकाणच्या मूर्ती त्यांनी त्यात शेजारी शेजारी ठेवल्या. तेर, भोकरदन, नेवासे इथे सातवाहनकाळातल्या त्या देवीच्या मूर्ती मिळतात, जिला आपण लज्जागौरी म्हणतो: पाय फाकून बसलेली किंवा उताणी, बहुधा डोक्याच्या जागी कमळ. या मूर्ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, रोमशी व्यापार जोरात असताना दिसू लागतात. तेव्हा त्यांचे मूळ बाहेर शोधावे, असा सांकळियांचा कल होता. अभ्यासकाने त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर केलेली ती चोख मांडणी होती.

आणि मग इनामगाव आले. पूर्व जोर्वे काळातल्या, इ.स.पू. १३०० च्या आसपासच्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लांबट गोल डबी निघाली. डबीत एक स्त्रीमूर्ती. वर झाकण. झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती, तिला डोके नाही, आणि तिच्याबरोबर एक बैल. त्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की ती बैलावर बसते. तुझ्या चौथ्या प्रकरणातली देवी ती हीच. लज्जागौरीच्या सर्वांत जुन्या मूर्तींच्या आधी तेराशे-चौदाशे वर्षे घोड नदीच्या काठावर कोणीतरी बिनडोक्याची देवी घडवून जमिनीखाली जपून ठेवली होती.

ज्यांचा कल देवीचे मूळ बाहेर शोधण्याकडे होता, त्यांच्याच उत्खननात तिला देशी ठरवणारा सर्वांत जुना दावेदार निघाला. सांकळियांनी ती डबी आडबाजूला टाकली नाही. तिचे मोजमाप झाले, रेखाटन झाले, छायाचित्र निघाले, थर नोंदला गेला, आणि जगभरच्या अभ्यासकांपुढे ती ठेवली गेली.

व्हीलरांनी शिकवलेली मूळ गोष्ट हीच होती. उत्खनन म्हणजे एका परीने नाशच; खणून काढलेला थर परत बसवता येत नाही. म्हणून नोंद अशी करायची की आपले मत खोडून काढू पाहणाऱ्यालाही ती पुरी पडावी. सांकळियांच्या नोंदवह्यांची शिस्त सर्वांना माहीत आहे. त्या शिस्तीमागे शिष्यांच्या मतभेदाची सोय करून ठेवलेली आहे, असे मी मानतो. तू आज सरांशी असहमत होऊ शकतेस ते कशाच्या जोरावर? त्याच अहवालातल्या चित्रांच्या आणि थरांच्या जोरावर. तो अहवाल १९८८ साली निघाला. त्यावरच्या नावांचा क्रम कधी नीट पाहिला आहेस का? ढवळीकर, सांकळिया, अन्सारी. सांकळिया तेव्हा हयात होते, ऐंशीला टेकले होते, पद्मभूषण होते, भारतीय प्रागितिहासाचे कर्तेधर्ते होते. पुढच्याच जानेवारीत ते गेले. त्यांचे नाव दुसरे आहे.

ढवळीकर त्यांचे कनिष्ठ सहकारी, त्यांच्याच परंपरेत वाढलेले. पण मतांच्या बाबतीत ते सांकळियांच्या सावलीत राहिले नाहीत. संस्कृती का बदलते या प्रश्नाला सांकळियांच्या आधीच्या लेखनात बहुधा माणसांच्या स्थलांतराचे उत्तर असे. ढवळीकरांनी पावसाचे उत्तर दिले. इ.स.पू. १००० नंतर इथे पाऊस घटला, शेती बसली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली, गुरे-मेंढ्यांमागे फिरणे वाढले, आणि शेवटी लोक गाव सोडून गेले, असे त्यांनी दाखवले. आर्यांच्या प्रश्नावर तर त्यांनी पुढे ‘आर्यांच्या शोधात’ हे पुस्तकच लिहिले, आणि त्यातली दिशा नावडातोलीच्या सांकळियांपेक्षा पार वेगळी आहे. मला स्वतःला त्यांचे सगळे निष्कर्ष पटत नाहीत. हवामानाच्या गळ्यात फार ओझे घालतात असे वाटते. तरी एका गोष्टीबद्दल त्यांना मी फार मानतो. सांकळियांचे बोट धरून ते ज्या गावात आले, त्याच गावाचा अर्थ त्यांनी स्वतःच्या बुद्धीने लावला, आणि तो सांकळियांच्या हयातीत, त्यांच्या शेजारी बसून लावला.

आता दुसरी वाट. दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ च्या जूनमध्ये गेले, इथे पहिली कुदळ पडायच्या दोन वर्षे आधी. ते इनामगाव पाहायला असते तर काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. गणिताचा हा माणूस पुण्याच्या आसपासच्या माळांवर गारगोटीची बारीक हत्यारे वेचत हिंडला, आणि मेंगाई, बोल्हाई, म्हसोबा अशा शेंदूर फासलेल्या ठाण्यांशी त्या हत्यारांचा मेळ घालत गेला. आईदेवतांची जुनी ठाणी प्रागैतिहासिक वाटांच्या चौकांवर आहेत, असे त्यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात मांडले. त्यांना जिवंत पूजेतून मागे जायचे होते. डेक्कन कॉलेजवाल्यांना थरांतून वर यायचे होते. एकाच शहरात राहून दोन्ही वाटा वेगळ्या चालत राहिल्या. त्या वाटा एकमेकींशी जास्त भांडल्या असत्या तर महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाचे भले झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी आईदेवतेच्या ठाण्यांवर इतके लिहिले त्यांच्या नजरेखालून घराच्या जमिनीखाली पुरलेली ही आईदेवता गेली नाही, याचे मला वाईट वाटते.

कोसंबींच्या घरातच एक मतभेद होता, आणि तो फार सुंदर होता. वडील धर्मानंद बुद्धाच्या शोधात गोवा सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असे पायपीट करत गेलेले. ‘भगवान बुद्ध’मध्ये त्यांनी चमत्कारांची पुटे खरवडून माणूस बुद्ध शोधला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा बाजूला ठेवून शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. मुलगा म्हणाला, हे बरोबर, पण माणसाइतकाच मगधचा व्यापार पाहा, लोखंड पाहा, टोळ्या मोडून राज्ये कशी उभी राहिली ते पाहा. धर्मानंदांचा धर्म मुलाने घेतला नाही. पुराण्या ग्रंथापुढे मान न तुकवता त्याला प्रश्न विचारायची सवय मात्र जशीच्या तशी घेतली.

रा. चिं. ढेरे यांचे नाव तू पत्रात फार आदराने घेतले आहेस, ते योग्यच आहे. आंदर मावळातल्या निगड्याचे, लहानपणीच पोरके झालेले, रात्रशाळेत शिकलेले. विद्यापीठातल्या कोणत्याही गादीचा आधार त्यांना नव्हता. त्यांची ‘लज्जागौरी’ १९७८ ची. सांकळियांनी ज्या देवीकडे पश्चिमेच्या दिशेने पाहिले होते, तिलाच ढेऱ्यांनी रेणुका, यल्लम्मा, गोव्याची सांतेरी, वारूळ आणि भूमी या देशी धाग्यांत ओवून दाखवले. पुढे १९८४ मध्ये ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आले, विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचे त्यांनी त्यात मांडले, आणि माढ्याच्या मूर्तीविषयीच्या त्यांच्या मताने किती गदारोळ उठला, हे आमच्या पिढीने पाहिले. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८७ मध्ये मिळाला, म्हणून गदारोळ शमला असे नाही. हायडेलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांनी त्याच सुमाराला म्हस्कोबा, बिरोबा, खंडोबा यांच्या वाड्यांवस्त्यांवर धनगरांबरोबर हिंडून जे पाहिले, त्याने ढेऱ्यांच्या कामाला मोठा आधार मिळाला. ॲन फेल्डहाउस यांनी पुढे या दोघांचीही पुस्तके इंग्रजीत नेली. ही माणसे एकमेकांशी शंभर टक्के सहमत होती असे समजू नकोस. एकमेकांचे लेखन बारकाईने वाचत होती, आणि त्यामुळे त्यांच्या असहमतीला काही किंमत होती.

तुझ्या भीतीचे खरे मूळ मला इथेच दिसते. आजकाल देवाविषयी काही लिहिले की बाहेरून दगड येतात, अशा वेळी अभ्यासकांनी आतला मतभेद उघड्यावर आणू नये, असे तुला एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी सांगितले, असे तू लिहितेस. ही भीती खोटी नाही. १९७३ मध्ये सांकळियांनीच रामायणावर छोटे पुस्तक लिहून लंका मध्य भारतात असल्याचे म्हटले तेव्हा त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. पण त्यातून ‘आपल्या माणसाचे मत तपासूच नका’ हा धडा काढणे मला घातक वाटते. बाहेरचा विरोधक पुस्तक न वाचता ओरडतो. शिष्य पुस्तक पाठ असल्यामुळे विचारतो. या दोघांना एका तराजूत घालणारा प्राध्यापक कितीही भल्या मनाचा असो, तो विद्येचे नुकसान करतो आहे. गुरूचे मत कोणी तपासलेच नाही तर ते त्यांच्यानंतर दहा वर्षेही टिकत नाही. आदराने बाजूला ठेवले जाते आणि विसरले जाते.

आता तुझ्या प्रकरणाकडे येतो. तू वाचायला पाठवलेस म्हणून मीही तुझ्याशी भांडणारच.

सरांचे म्हणणे: इनामगावची बिनडोक्याची देवी ते तेरची लज्जागौरी ते आजची रेणुका-यल्लम्मा, ही एकच अखंड धार आहे. तुझे म्हणणे: ही धार मध्येच तुटते. इ.स.पू. ७०० ला गाव उजाड झाले, सातवाहनांच्या मूर्ती त्यानंतर सातशे-आठशे वर्षांनी येतात, मधला पुरावा कुठे आहे? शिवाय आमची देवी बैलावर बसते, लज्जागौरी बसत नाही. लज्जागौरीची ती विशिष्ट बैठक आमच्या देवीला नाही. कमळ नाही. डोके नसणे एवढ्या एका खुणेवरून दोघींना एक म्हणता येणार नाही. आणि शेवटी तू सर्वांत धारदार गोष्ट लिहितेस: डबीतल्या मूर्तीचा विचार सगळेजण विसरतात. एक आत झाकलेली, एक वर ठेवलेली. देवी एक नसून दोन असतील, तर ‘बिनडोक्याची देवी’ हे नावच अर्धवट ठरते.

हा मुद्दा वाचून मी ताठ बसलो. इतकी वर्षे या गावात राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगून, मी तो या रोखाने मांडलेला कुठे वाचला नव्हता. तो गाळला जाणार असेल तर तो नुसता तुझा तोटा नाही.

पण मला तुझी ‘तुटलेली धार’ अजून पटलेली नाही. सांगतो का. ती मूर्ती कच्च्या मातीची आहे, भाजलेली नाही. घरातली आहे, देवळातली नाही. जमिनीखाली झाकून ठेवल्यामुळेच ती आपल्यापर्यंत आली. आजही आपल्याकडे बायका आणि मुले मातीची दैवते करतात ती कशी असतात? पोळ्याचे मातीचे बैल, हरतालिकेची वाळूची पिंड, नागपंचमीचा मातीचा नाग. पूजा झाली की ती पाण्यात जातात, अंगणात विरघळतात. पाचवीला सटवाई पुजतात ती पाट्या-वरवंट्यावर. उद्या कोणी ते घर खणले तर त्याला नुसता पाटा-वरवंटा मिळेल. तीन हजार वर्षांनी येणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला आपल्या आजीच्या धर्मातले काहीच सापडणार नाही. मग सातशे वर्षांची पोकळी ही खरोखर श्रद्धेची पोकळी आहे की नुसती मातीच्या स्वभावाची? कुंभांमध्ये पुरलेली ती लेकरे आठव. ज्या गावात इतकी मुले जात होती, त्या गावातल्या आयांनी मुलांची राखण करणारे काहीतरी मांडलेच असणार. पुरावा म्हणून हे पुरे नाही, हे मला कळते. ‘आज असे करतात, म्हणून तेव्हाही करत असतील’ हा कच्चा युक्तिवाद आहे असे तू म्हणशील आणि ते बरोबर असेल. पण तुझ्या प्रकरणात या शक्यतेला एक वाक्यसुद्धा नाही. सर हेच विचारतील. त्याचे उत्तर लिहून मगच जा.

आणखी एक. तू सरांचे मत शेवटच्या पानावर, दोन ओळींत, नाव न घेता खोडले आहेस. ‘काही अभ्यासकांच्या मते’ असे लिहिले आहेस. हे मला अजिबात आवडले नाही. ते काही अभ्यासक नाहीत, ते तुझे गुरू आहेत, आणि ते मत त्यांनी तीस वर्षे राबून बांधले आहे. त्यांचे नाव घे. त्यांचा युक्तिवाद त्यांनी स्वतः मांडला त्याहून बळकट करून मांड, त्यांनी न वापरलेला एखादा पुरावा त्यांच्या बाजूने सुचत असेल तर तोही दे. बैलाचेच घे: बैल म्हटले की शिव आठवतो, आणि पुढे शक्ती-शिवाची जोडी होते, असे त्यांना म्हणता आले असते. ते तू त्यांच्या वतीने म्हण. मग तुझे म्हणणे मांड. नाव न घेता केलेला मतभेद सभ्य वाटतो, पण त्यात समोरच्याला उत्तर द्यायची जागाच राहत नाही.

सर चिडतील का, हे तू तीन वेळा विचारले आहेस. कदाचित चिडतील. साठीच्या पुढे आपल्या कामाच्या मुळाशी कोणी हात घातला की माणसाला लागते. त्यांना थोडे दिवस दे. पण मी त्यांना एकदाच, इथे पांढरीवर, तुमच्या तुकडीबरोबर पाहिले आहे. एका मुलाने रांजणातल्या माणसाला गावचा प्रमुख म्हणायला शंका घेतली, तो पुजारी किंवा बुवा का नसेल असे विचारले, तेव्हा सर उन्हात उभे राहून त्या मुलाशी कितीतरी वेळ वाद घालत होते आणि शेवटी त्याला म्हणाले की हे लिहून आण. ज्या माणसाने दुसऱ्याच्या पोराला लिहून आण म्हटले, तो तुला लिहू नको म्हणेल असे मला वाटत नाही. त्यांनी अजून नको म्हटलेलेही नाही, माई. नको तू म्हणते आहेस, त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता.

म्हणून एवढे कर. मातीच्या मुद्द्यावर दोन पाने लिही. सरांचे नाव आणि मत प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात आण. मग प्रत काढून त्यांच्या घरी जा. मेलने पाठवू नकोस, विभागातल्या शिपायाच्या हाती देऊ नकोस. समोर बसून सांग की या प्रकरणात मी तुमच्याशी सहमत नाही, आणि तुम्ही वाचल्याखेरीज मी ते पुढे देणार नाही. ते जे खोडतील ते खरेच चुकीचे असेल तर काढ. नुसते नावडते असेल तर ठेव आणि का ठेवलेस ते त्यांना सांग. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन इकडे ये. पांढरीवर आता उसाचे पाणी येते, चिखल असतो, तेव्हा चांगल्या वहाणा घालून या. तुम्हा दोघांचे भांडण मला ऐकायचे आहे.

तुझा,
मामा